तळ्याकाठची आत्या

आत्याच्या गळ्यातली स्वरपेटी काढावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "मग होड्या परत कोण बोलावणार?"

डॉक्टरांना काही कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिची भाची, तेवीस वर्षं तिच्याजवळ राहिलेली, पण त्या क्षणी मलाही ते समजावून सांगता येईना. बंद खिडक्यांची ती खोली, टेबलावर गळ्याचा उभा कापलेला प्लास्टिकचा नमुना, आणि भिंतीवर हात धुण्याच्या सूचना. तिथे बसून तळं कसं सांगायचं?

म्हणून आधी तळ्याचंच सांगते.

डोंगराच्या पायथ्याशी लांबट तळं, पलीकडच्या टोकाला दगडी बांध आणि त्याचा सांडवा, अलीकडच्या काठाला आमच्या अकरा लाकडी खोल्या. त्या आतोबांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, स्वतःच्या हातांनी बांधल्या होत्या. ते सुतार होते. वीज फक्त स्वयंपाकघरात, खोल्यांमध्ये कंदील. पाणी हापशाचं. संडास खोल्यांपासून चाळीस पावलांवर. नवीन पाहुणा आला की आत्या आधी ते दाखवायची आणि म्हणायची, "मोजून चाळीस पावलं आहेत. घाई लागायच्या आधी निघायचं." असल्या ठिकाणी शहरातली माणसं आठवडा आठवडा राहायला यायची, पोहायची, मासे धरायची, उन्हाने नाक सोलवटून घ्यायची आणि जाताना पुढच्या वर्षीची तीच खोली सांगून जायची. काही घरांची तर तिसरी पिढी यायला लागली होती.

ती माणसं तळ्यासाठी यायची हे खरं, पण आत्या नसती तर दुसऱ्या वर्षी आली नसती. ती कुणाची भीडभाड ठेवत नसे. एकदा एका न्यायाधीशांनी सकाळी अंथरूण तसंच टाकलं, तर तिने त्यांना न्याहारीवरून उठवून परत खोलीत पाठवलं. "तुमच्या कोर्टात मी आले तर उभी राहीन. इथे चादरीची घडी घालायची." ते निमूट गेले आणि पुढे अठरा वर्षं येत राहिले. दुसऱ्या एका वर्षी एक बाई एकटीच आली, दोन दिवस खोलीबाहेर पडली नाही. मी विचारपूस करायला निघाले तर आत्याने मला अडवलं. "काही विचारू नकोस. तिला बटाटे दे सोलायला." त्या बाईने चार दिवस आमच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून बटाटे सोलले, पाचव्या दिवशी आपणहून सगळं सांगितलं, आणि त्यानंतर दुपारपर्यंत गाढ झोपली.

मलाही तिने असंच घेतलं होतं. माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबांनी मला "एका हंगामापुरती" म्हणून बहिणीकडे आणून सोडलं आणि ते कामाला दूर निघून गेले. तो हंगाम संपलाच नाही. आत्याने मला कधी जवळ घेऊन गोंजारलं नाही. तिने पहिल्याच दिवशी माझ्या हातात उशांचे अभ्रे दिले आणि सांगितलं, "हे तुझं काम. तू नसलीस तर माणसं उघड्या उशीवर झोपतील." मी नसले तर काहीतरी अडेल, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तिचा आवाज. लाकडी धक्क्याच्या टोकाला उभी राहून ती हाक मारायची आणि ती बांधापर्यंत स्पष्ट ऐकू जायची. होड्यांना आकडे होते. "साऽऽत नंबर! वारा येतोय, काठाकाठाने या!" पलीकडच्या खिंडीतून वारा सुटला की आधी लव्हाळ्याजवळचं पाणी काळवंडतं, आणि मग वीस मिनिटांत सगळं तळं उसळायला लागतं. पाहुण्यांना ते कसं कळणार? आत्याला कळायचं. भाजी चिरता चिरता तिचं लक्ष पाण्याकडे असायचं. "तीन नंबर, उभं राहू नका होडीत! खाली बसवा त्या पोराला!" आतोबा हसायचे. म्हणायचे, "आमच्याकडे घड्याळ नाही, भोंगा आहे." एकतीस वर्षांत त्या तळ्याने आमचा एकही माणूस नेला नाही, आतोबा गेल्यानंतरसुद्धा नाही.

मग एका हंगामात तिचा आवाज बसला. पाहुणे थट्टा करू लागले, "आत्या, यंदा कुणाशी भांडलात?" मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, गळ्याला शेक दिला. महिना गेला, दोन महिने गेले. आवाज खरखरीत झाला, मग फाटल्यासारखा झाला. मी तिला धरून दवाखान्यात न्यायला हवं होतं. नेलं नाही. ती म्हणाली, "हंगाम संपू दे," आणि मी ऐकलं. खरं कारण आज सांगून टाकते. ती चार दिवस नसली तर अकरा खोल्या एकटीने सांभाळायच्या याचीच मला धास्ती होती. तिने नको म्हटल्यावर मला हायसं वाटलं होतं.

हंगाम संपला तेव्हा घशातली कॅन्सरची गाठ जिभेच्या मुळापर्यंत पोहोचली होती.

ऑपरेशनच्या सकाळी मी तिच्या खाटेशी बसले होते. तिचा मुलगा, माझा दादा, औषधांच्या रांगेत होता. ती काहीतरी बोलेल, जपून ठेवण्यासारखं, असं मला वाटत होतं. तिने मला खूण करून जवळ बोलावलं. म्हणाली, "पाच नंबरच्या खिडकीची कडी सैल आहे. विसरशील." मग तिची गाडी ढकलत आत नेली. तिच्या स्वतःच्या आवाजात मी ऐकलेलं शेवटचं वाक्य ते.

त्यानंतर ती गळ्याच्या खाली केलेल्या भोकातून श्वास घ्यायला लागली. नाकातोंडाचा आणि श्वासाचा संबंधच तुटला. याचा अर्थ काय, ते आम्हाला हळूहळू कळत गेलं. तिला वास येईना. गाद्यांना ओल धरली की नाही ते ती आयुष्यभर हुंगून ओळखत आली होती. आता ती गादीला नाक लावायची आणि तशीच वाकून राहायची. दूध करपलं तरी तिला कळायचं नाही. गरम घोट फुंकून गार करता येईना. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, पाण्यात जायचं नाही. डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं, "गळ्यापर्यंत पाणी चढलं तर ते थेट फुप्फुसात जाईल. गुडघाभर पाण्यातसुद्धा उतरू नका."

मी तिच्यासाठी शहरातून एक शिट्टी आणली. चांगली पितळेची, दोरी लावलेली. हाकेऐवजी शिट्टी, मला वाटलं केवढी अक्कल लढवली! तिने ती ओठांत धरली, गाल फुगवले. काहीच नाही. वारा तोंडात यायलाच हवा ना. तो खाली, गळ्यावरच्या फडक्याआडून, फसफस करत निघून गेला. तिने शिट्टी काढली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कीव आल्यासारखं पाहिलं, माझी की स्वतःची कोण जाणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दवाखान्याने गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. पहिल्यांदा ती त्यावर बोलली तेव्हा स्वयंपाकघरात आलेली एक लहान मुलगी किंचाळून आईच्या मागे लपली. आत्याने ते यंत्र कपाटात ठेवलं, ते परत काढलंच नाही. मग पाटी आली, आणि धक्क्याजवळच्या झाडाला आमच्या होड्या सांभाळणाऱ्या नावाड्याने रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगला. लोखंडी कांबीने त्यावर ठोकलं की टणत्कार बांधापर्यंत जायचा. जेवणाच्या वेळी ठोकायचं, संकट आलं तरी ठोकायचं. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. छान सोय झाली म्हणालो.

पुढच्या हंगामातल्या एका मंगळवारी मी पीठ आणि रॉकेल आणायला बाजाराच्या गावी गेले होते. नावाडी दाढ काढायला गेला होता. पाहुणे थोडेच होते. त्या सकाळीच एक गृहस्थ दोन मुलींना घेऊन आले होते. त्यांना खोली मीच दाखवली, वहीत नाव मीच लिहिलं, रूळ वाजला की जेवायला या एवढं सांगितलं, आणि आत्या बोलू शकत नाही हे सांगायचं राहून गेलं. तिच्या गळ्याभोवती रुमाल असायचा, बघणाऱ्याला काही कळायचं नाही. मी टेंपोत बसून निघून गेले.

पुढचं मला दोन नंबरच्या खोलीतल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी सांगितलं. त्या पायरीवर वाचत बसल्या होत्या. गुडघे धरलेले, पळता येत नव्हतं.

ते गृहस्थ मुलींना घेऊन चार नंबरची होडी काढून मध्यावर गेले होते. पाऊण वाजला असेल. लव्हाळ्याजवळचं पाणी काळवंडलं. आत्या स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने रुळावर ठोकायला सुरुवात केली. होडीतून त्या गृहस्थांनी हात वर करून हलवला. मुलींनीही हलवला. त्यांना वाटलं, जेवण तयार झालंय. येऊ सावकाश!

आत्या ठोकत राहिली. लोखंडाला 'जेवायला या' आणि 'जीव वाचवा' यातला फरक सांगता येत नाही. तिने हातवारे केले, फडकं फडकवलं. त्यांनी पुन्हा हात हलवला. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "त्या तोंड उघडून ओरडत होत्या हो. नुसतं तोंड. मला इथून दिसत होतं. आवाज नव्हता." मग बाईंनी स्वतः ओरडायचा प्रयत्न केला, पण त्यांचा आवाज धक्क्यापर्यंतसुद्धा पोहोचेना.

वारा आला. होडी वाऱ्याला आडवी झाली, त्या गृहस्थांच्या हातून एक वल्हं सुटलं, आणि होडी गोल गोल फिरत सांडव्याच्या दगडांकडे ढकलली जाऊ लागली.

आत्याने गळ्याभोवती टॉवेल करकचून गुंडाळला आणि एक नंबरची होडी पाण्यात लोटली. तेव्हा ती सहासष्ट वर्षांची होती. टॉवेल घट्ट असला तर श्वास पुरत नाही, आणि सैल केला तर पाण्याचे फवारे आत जातात. ती कशी वल्हवत गेली असेल ते मला आजही कळत नाही.

आमचा टेंपो वळणावर आला तेव्हा मला वरून दोन होड्या दिसल्या, एकीला दुसरी दोराने बांधलेली. पुढच्या होडीत पाठमोरी आत्या. मी ओळखलं. टेंपोवाला आणि मी उतारावरून धावत सुटलो. आम्ही पोहोचलो तेव्हा ती काठापासून दहा हातांवर होती. टेंपोवाल्याने कमरेएवढ्या पाण्यात शिरून होडी ओढली. मुली भिजून थरथरत होत्या, पण धडधाकट होत्या. ते गृहस्थ उतरले. भीतीने त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्या भीतीचा राग झाला.

"अहो बाई," ते आत्याच्या अंगावर ओरडले, "वादळ येतंय हे माहीत होतं ना तुम्हाला? मग ओरडून सांगायचं नाही का? जेवणाच्या घंटा काय बडवत बसता!"

"अहो, त्यांना..." मी मध्ये पडले, पण आत्याने माझं मनगट धरलं. ती त्यांच्याकडे बघत होती. टॉवेल भिजून चिंब झाला होता आणि त्याच्या आत घरघर ऐकू येत होती. तिने मान हलवली. हो, असं. बरोबर आहे तुमचं, असं. मग ती धक्क्यावरच बसली आणि खोकू लागली, आणि गळ्यातल्या त्या भोकातून तळ्याचं पाणी बाहेर आलं.

त्या गृहस्थांनी ते पाहिलं. ते मागे सरकले. थोड्याच वेळात मुलींना घेऊन निघून गेले. जाताना स्वयंपाकघराच्या दारात दोन मिनिटं उभे होते, काहीतरी म्हणायचं असावं. मी तेव्हा आत्याला टेंपोत चढवत होते, मला त्यांच्याकडे बघायला सवड नव्हती.

अकरा दिवस ती दवाखान्यात होती. फुप्फुसांत पू झाला होता. ती जगेल असं कुणी म्हणत नव्हतं. जगली. बाराव्या दिवशी घरी आल्यावर तिने पाटी मागितली आणि लिहिलं, "बंद कर."

"काय बंद करू? खिडकी?"

तिने पाटी पुसली. "सगळं."

मी हातापाया पडले. म्हटलं, "आत्या, मी ओरडत जाईन. मी धक्क्यावरून हलणार नाही. नावाडी आहे, दोघं मिळून करू." ती ऐकत राहिली. मग लिहिलं, "तुला वारा दिसत नाही."

खरंच होतं ते. इतकी वर्षं तिच्या शेजारी उभी राहूनही मला ते काळवंडणारं पाणी वेळेवर दिसायचं नाही. ती होती, म्हणून मी कधी शिकलेच नाही.

हंगामाच्या मध्यावर आम्ही सगळ्यांना पत्रं टाकली. गाद्या गुंडाळल्या, होड्या पालथ्या केल्या. दादा तिला घेऊन शहरात गेला. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. सगळ्या शहराच्या लिफ्ट चालू ठेवतो, आणि स्वतः राहतो बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. पूर्वी यावरून आम्ही खूप हसायचो. मी त्याच शहरात एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाची नोकरी धरली आणि दर रविवारी तिच्याकडे जाऊ लागले.

दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत वहिनीचं शिवणाचं मशीन. ती शाळेचे गणवेश शिवते, त्यामुळे सगळीकडे निळ्या कापडाचे गठ्ठे. वहिनीचं आणि आत्याचं कधी जमलं नव्हतं. लग्नानंतर वहिनी तळ्यावर आली आणि अंधाराला आणि त्या चाळीस पावलांना घाबरून तिसऱ्या दिवशी रडत परत गेली. आत्या तेव्हा चारचौघांत म्हणाली होती, "मेणाची बाहुली आणलीस रे!" ते वहिनीने मनात ठेवलं होतं. तेरा वर्षं ती तळ्यावर फिरकली नव्हती.

आत्या मागच्या खोलीत खिडकीशी बसून असायची. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसायची, तीवर पाण्याच्या टाक्या. ती जेवायची, औषध घ्यायची, पाटीवर "हो" नाहीतर "नको" लिहायची. मी तळ्याचा विषय काढला की पाटी उलटी ठेवायची. माझ्या आत्यासारखी दिसणारी कुणी परकी बाई तिथे बसली आहे असं मला वाटायचं, आणि परतीच्या बसमध्ये मी रडायचे.

आठव्या महिन्यात ती नाहीशी झाली.

वहिनी गणवेश पोहोचवायला गेली होती. परत आली तर दार उघडं, खिडकीजवळची खुर्ची रिकामी. दादाने मला वसतिगृहात फोन केला. आम्ही तिघं तीन दिशांना धावलो. दवाखाने पाहिले, बाग पाहिली, नदीवरच्या पुलावर जाऊन आलो. पुलावर मी कठडा धरून खाली बघायची हिंमत गोळा करत होते, तेव्हा दादाचा दुसरा फोन आला. सापडली.

ती बसस्थानकावर गेली होती. काय घडलं ते तिने मला नंतर पाटीवर थोडं थोडं लिहून सांगितलं. चार मजले उतरून ती वाट विचारत, म्हणजे लिहून दाखवत, तिथवर पोहोचली होती. गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला, पाटी पडली, फुटली. तिकिटाच्या खिडकीशी ती पोहोचली तेव्हा तिच्याकडे लिहायला काहीच उरलं नव्हतं. आतला माणूस म्हणाला, "कुठलं तिकीट?" तिने ओठ हलवले. "मोठ्याने बोला बाई!" तिने पुन्हा ओठ हलवले, हाताने पाणी दाखवलं, डोंगर दाखवला. मागची रांग कुरकुरायला लागली. "अहो, बोलायचं असेल तर बोला, नाहीतर बाजूला व्हा." ती बाजूला झाली. खांबाला टेकून उभी राहिली, हात अजून पुढे होता. एका बाईने जाता जाता त्या हातावर नाणं ठेवलं.

तिथे ती कोसळली. पोलिसाने तिच्या खिशातली दादाच्या नंबराची चिठ्ठी पाहून त्याला फोन केला.

हे लिहून झाल्यावर तिने मला ते नाणं दाखवलं. मी विचारलं, "तळ्यावर जायचं होतं?" तिने हो म्हणून मान हलवली. मी बाहेर येऊन दादाशी भांडले. "तू तिला कोंडून मारतोयस."

"आणि तू?" तो म्हणाला. "आवाज बसला होता तेव्हा तू होतीस ना तिच्याजवळ? मी नव्हतो."

तो असं पहिल्यांदाच बोलला. बोलला आणि मटकन खाली बसला. वहिनीने मशीन थांबवलं.

त्या महिन्यातच तपासणीत कळलं की गाठ परत आली आहे, या वेळी खाली, छातीत. डॉक्टरांनी हात टेकले. दादाने कुणाची तरी गाडी मागून आणली, आईला पाठीवर घेऊन चार मजले उतरवलं, आणि आम्ही चौघं तळ्यावर गेलो.

त्या दिवसावर माझी सगळी भिस्त होती. तळं दिसलं की ती परत ती होईल, निदान एक दिवस, अशी माझी खात्री होती. मी आदल्या दिवशी जाऊन एक खोली झाडून, चादर घालून आले होते. आम्ही तिला धक्क्यावर खुर्चीत बसवलं. हवा स्वच्छ होती, पाणी संथ. पालथ्या होड्यांवर गवत उगवलं होतं. ती तासभर बघत राहिली. मी तिच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का ते बघत होते. काही उमटलं नाही. मग तिने नवीन पाटीवर लिहिलं, "घरी."

मी लगेच म्हटलं, "चल ना, खोली तयार आहे," आणि तिला उठवायला वाकले. तिने माझा हात दूर केला. वळून पाहिलं आणि मागे उभ्या असलेल्या वहिनीच्या हाताची बाही धरली. पुन्हा त्याच शब्दाखाली रेघ मारली.

मला ते पटायला फार दिवस लागले. मी रविवारची माणूस होते. रोज तीन वेळा तिच्या गळ्याच्या भोकातली श्वासाची नळी काढून धुणारी, श्वास अडकला की स्वतःच्या तोंडावर उडालेला कफ पुसून न चिडता पुन्हा नळी बसवणारी वहिनी होती. गणवेशाच्या उरलेल्या कापडाचे गळ्याला बांधायचे रुमाल तिने शिवले होते, आठवड्याच्या सात दिवसांचे सात, कडेला बारीक दोरा ओवून. यातलं तिने कधी बोलून दाखवलं नाही. मला ते रुमाल दिसत होते, पण ते कुणी शिवले हे मी विचारलंही नव्हतं.

त्यानंतर आत्या सात आठवडे जगली. शेवटी शेवटी पाटीही धरवेना. श्वास घेताना तिचं सगळं अंग वर उचललं जायचं. त्या दिवसांत मी मनात म्हणायचे, सुटू दे हिला, आणि लगेच स्वतःचीच भीती वाटायची.

गुरुवारी दुपारी ती गेली. दादा कामावर होता, मी वसतिगृहात शंभर मुलांचं जेवण वाढत होते. वहिनीने तिची खाट पुढच्या खोलीत, मशीनशेजारी आणली होती. मशीनच्या आवाजाने त्रास होईल म्हणून वहिनी थांबली, तर आत्याने बोटाने खूण केली, चालू ठेव. वहिनी शिवत राहिली. एक बाही झाली, दुसरी झाली. मान वर करून पाहिलं तेव्हा गळ्यावरचा रुमाल हलत नव्हता.

किती वेळ झाला होता ते वहिनीला सांगता येत नाही. मशीन चालू नसतं तर मला ऐकू आलं असतं, असं ती म्हणते. मी तिला सांगते की तसं काही नसतं, ऐकू येण्यासारखं काही झालंच नसेल. ती ऐकून घेते. मग पुन्हा विचारते, "पण दोन बाह्या होईपर्यंत, म्हणजे किती वेळ गं?"